बँकेचं १५ किलो सोनं, एक फसलेला सिद्धांत आणि दख्खनच्या दगडाचा जुना पत्ता

जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढायचं, त्याला दोरा बांधायचा आणि मातीतून ओढत न्यायचं. हा खेळ लहानपणी अनेकांनी खेळलेला असतो. चार पावलं गेलं की चुंबकाला काळ्या बारीक कणांची दाढी फुटते. मग ते कण कागदावर घेऊन खालून चुंबक फिरवत त्यांना नाचवायचं.

पोरांना वाटतं हा लोखंडाचा चुरा आहे. बऱ्याचदा तो चुरा नसतो. ती असतात मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजं, खडकातून झिजून मातीत आलेली.

गंमत अशी की हे कण फक्त चुंबकाला चिकटत नाहीत, ते माहितीही सांभाळून ठेवतात. ज्या खडकात ते जन्मले तो खडक तेव्हा पृथ्वीवर कुठे होता, त्यानंतर तो कुठे सरकला, त्याची माती झाली तेव्हा तिथे पाऊस किती होता, पाणी साचत होतं का, अशा प्रश्नांची उत्तरं या कणांमधून काढता येतात.

पण ती काढायची तर अतिशय हळवं यंत्र हवं. असं एक यंत्र ज्या माणसाने बनवलं, त्याला ते दगडासाठी बनवायचंच नव्हतं. त्याला वेगळीच गोष्ट सिद्ध करायची होती. ती गोष्ट साफ चुकीची निघाली.

त्या माणसाचं नाव पॅट्रिक ब्लॅकेट.

तोफखान्यातून प्रयोगशाळेत

ब्लॅकेट यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८९७ चा, लंडनमधला. वडील शेअर बाजारात दलाल होते. पोराला मात्र हाताने वस्तू बनवायचा नाद. घरच्या घरी रेडिओ जोडायचा, विमानाच्या प्रतिकृती करायच्या, यात त्याचा दिवस जायचा.

त्या काळी ब्रिटनमध्ये नौदलाचा मोठा रुबाब होता. तेरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत, १९१० साली, हा मुलगा ऑस्बोर्नच्या नौदल शाळेत दाखल झाला आणि तिथून पुढे डार्टमथला गेला. नौदलाच्या या शिक्षणात यंत्रं आणि विज्ञान दोन्ही पक्कं करून घ्यायचे.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्याला थेट जहाजावर पाठवण्यात आलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फॉकलंड बेटांजवळची लढाई त्याने पाहिली. १९१६ साली जटलंडच्या प्रचंड आरमारी लढाईत तो बारहॅम या युद्धनौकेवर होता.

या लढायांतून एक गोष्ट त्याच्या मनात पक्की बसली. तोफा अचूक नसतील तर शौर्याचा उपयोग मर्यादित असतो. नेम कुठे चुकतोय हे मोजता आलं पाहिजे. मोजण्याची ही सवय त्यांना जन्मभर पुरली.

युद्ध संपल्यावर नौदलाने आपल्या तरुण अधिकाऱ्यांना शिक्षण पूर्ण करायला केंब्रिजला पाठवलं. १९१९ च्या जानेवारीत ब्लॅकेट तिथे पोचले. काही दिवसांनी ते सहज चालत कॅव्हेंडिश प्रयोगशाळा बघायला गेले. वैज्ञानिक प्रयोगशाळा म्हणजे काय, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

थोड्याच आठवड्यांत त्यांनी नौदलाचा राजीनामा दिला.

२३ हजार फोटो, त्यातले कामाचे आठ

कॅव्हेंडिशचे प्रमुख होते अर्नेस्ट रदरफोर्ड. नायट्रोजन वायूवर अल्फा कणांचा मारा केला की त्यातून प्रोटॉन बाहेर पडतो, हे रदरफोर्ड यांनी दाखवलं होतं. पण त्या धडकेत नेमकं काय होतं ते कोणी पाहिलं नव्हतं. अल्फा कण आपटून निघून जातो, की अणूच्या आत शिरून बसतो?

हे काम ब्लॅकेट यांच्याकडे आलं. साधन होतं क्लाउड चेंबर. पाण्याच्या वाफेने भरलेल्या या डब्यातून कण गेला की त्याच्या वाटेवर बारीक थेंबांची रेघ उमटते, आकाशात विमानामागे पांढरी रेघ दिसते तशी.

ब्लॅकेट यांनी ते यंत्र आपोआप फोटो काढेल असं केलं आणि सुमारे २३ हजार फोटो काढले. त्यात चार लाखांहून जास्त रेघा होत्या. त्या एकेक करून तपासल्यावर हवी तशी धडक सापडली फक्त आठ ठिकाणी.

पण ती आठ चित्रं पुरेशी होती. अल्फा कण नायट्रोजनच्या आत शिरतो, प्रोटॉन बाहेर पडतो आणि उरतो तो ऑक्सिजनचा अणू. एक मूलद्रव्य दुसऱ्यात बदलताना माणसाने पहिल्यांदा फोटोत पाहिलं. हे काम १९२५ साली प्रसिद्ध झालं.

पुढे १९३२ मध्ये इटलीहून आलेल्या ज्युसेप्पे ओकिआलिनी यांच्यासोबत त्यांनी यंत्रात आणखी एक सुधारणा केली. चेंबरच्या वर आणि खाली कण ओळखणारी उपकरणं लावली. दोन्हीतून एकाच वेळी कण गेला तरच फोटो निघायचा. म्हणजे आता कॅमेरा कणांची वाट पाहत बसत नव्हता, कण स्वतःच स्वतःचा फोटो काढून घेत होते.

याच पद्धतीने त्यांनी पॉझिट्रॉनची खात्री पटवली. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचं धन विद्युतभार असलेलं भावंड. त्याचा शोध अमेरिकेच्या कार्ल अँडरसन यांनी आधी जाहीर केला होता. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन जोडीने जन्म घेतात, हे ब्लॅकेट आणि ओकिआलिनी यांच्या फोटोंनी दाखवलं.

युद्धात आकडेमोड

दुसऱ्या महायुद्धात ब्लॅकेट पुन्हा सैन्याच्या कामात आले, पण आता शास्त्रज्ञ म्हणून. विमानभेदी तोफा, पाणबुड्यांचा शोध, मालवाहू जहाजांचे ताफे अशा प्रत्येक प्रश्नात ते एकच गोष्ट विचारायचे. आकडे काय सांगतात?

अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या ब्रिटनकडे येणारी जहाजं बुडवत होत्या. मोठा ताफा म्हणजे मोठं लक्ष्य, म्हणून ताफे लहान ठेवावेत, असा नौदलाचा समज होता. ब्लॅकेट यांच्या गटाने जुन्या हल्ल्यांच्या नोंदी तपासल्या. ताफा मोठा झाला म्हणून बुडणाऱ्या जहाजांची संख्या त्या प्रमाणात वाढत नाही, असं त्यांना दिसलं. शिवाय ताफ्यात जहाजं दुप्पट झाली तरी त्याचा घेर दुप्पट होत नाही, त्यामुळे राखण करणाऱ्या नौकाही दुप्पट लागत नाहीत. म्हणजे मोठा ताफाच जास्त सुरक्षित.

ऑपरेशनल रिसर्च या विषयाचा पाया घालणाऱ्यांमध्ये ब्लॅकेट यांचं नाव घेतलं जातं ते यामुळे.

पण आकड्यांच्या आग्रहामुळे ते अनेकांच्या डोळ्यांत खुपलेही. जर्मन शहरांतल्या नागरी वस्त्यांवर बॉम्ब टाकून युद्ध लवकर संपेल, हे त्यांना पटत नव्हतं. युद्धानंतर ब्रिटनने स्वतःचा अणुबॉम्ब बनवू नये, असंही त्यांनी सरकारला सांगितलं. सरकारने ऐकलं नाही, आणि ब्लॅकेट यांना अणुधोरणाच्या वर्तुळातून दूर ठेवलं गेलं.

एक सुंदर कल्पना

युद्ध संपल्यावर ते मँचेस्टर विद्यापीठात परतले. तिथे त्यांच्या डोक्यात एक मोठा प्रश्न घोळत होता. पृथ्वीला चुंबकत्व मिळतं कुठून?

होकायंत्राची सुई उत्तर दाखवते हे सगळ्यांना माहीत होतं. पण पृथ्वी चुंबकासारखी का वागते, याचं पटणारं उत्तर तेव्हा नव्हतं.

ब्लॅकेट यांनी पृथ्वी आणि सूर्याचे आकडे पाहिले. त्याच सुमारास अमेरिकेत एका दूरच्या ताऱ्याचं चुंबकत्वही मोजलं गेलं होतं. या तिघांचं फिरणं आणि तिघांचं चुंबकत्व यांत एकच प्रमाण असल्यासारखं दिसत होतं. त्या प्रमाणात गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग यांचा संबंध येत होता.

याचा अर्थ काय? जी मोठी वस्तू फिरते ती फक्त फिरण्यामुळेच चुंबक बनते, असा निसर्गाचा एखादा अज्ञात नियम असू शकतो. तसं असेल तर गुरुत्वाकर्षण आणि चुंबकत्व यांना जोडणारा दुवा हाती लागणार होता. आईन्स्टाईनसारखे लोक ज्याच्या मागे होते, त्या दिशेचं हे पाऊल.

१९४७ साली ब्लॅकेट यांनी हा विचार नेचर या नियतकालिकात मांडला. वृत्तपत्रांनी तो उचलून धरला. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते क्लाउड चेंबरच्या जुन्या कामासाठी होतं. म्हणजे सगळं जग कौतुक करत असताना त्यांचा नवा सिद्धांत मात्र कसोटीला लागलेला होता.

आणि ती कसोटी लावणारे खुद्द ब्लॅकेटच होते.

सोन्याचा दंडगोल

पहिली कसोटी खाणीत झाली. चुंबकत्व पृथ्वीच्या गाभ्यातून येत असेल तर खाली उतरत जावं तसं ते एका तऱ्हेने बदलेल. ते सगळ्या पृथ्वीभर पसरलेलं असेल तर दुसऱ्या तऱ्हेने. ब्लॅकेट यांचे तरुण सहकारी कीथ रनकॉर्न इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणींत उतरून मोजमाप करू लागले. आकडे गाभ्याच्या बाजूने निघाले. सिद्धांताला पहिला धक्का बसला.

दुसरी कसोटी त्याहून सरळ होती. फिरणारी प्रत्येक वस्तू चुंबक होत असेल, तर पृथ्वीसोबत फिरणारा एखादा जड गोळाही अगदी थोडासा चुंबक झालेला असणार. मग तो गोळा टेबलावर ठेवून त्याचं चुंबकत्व मोजून बघायचं.

गोळा कशाचा हवा? खूप जड हवा आणि त्यात लोखंडाचा अंशही नको. म्हणजे सोनंच.

प्राध्यापकाच्या पगारात १५ किलो सोनं कुठून येणार? ब्लॅकेट यांनी बँक ऑफ इंग्लंडकडून ते उसनं मिळवलं. सुमारे १० सेंटीमीटर रुंद आणि तितकाच उंच, १५.२ किलो वजनाचा सोन्याचा दंडगोल. मँचेस्टरजवळच्या जॉड्रेल बँक इथे एका शेतात, लोखंड टाळून बांधलेल्या वेगळ्या खोलीत हा प्रयोग मांडला गेला.

सिद्धांत खरा असता तरी या दंडगोलाचं चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या कोट्यवधीव्या हिश्शाएवढंच असणार होतं. ते पकडायला ब्लॅकेट यांनी नवं यंत्र घडवलं.

त्याची युक्ती समजायला सोपी आहे. एका बारीक दांडीवर दोन छोटी चुंबकं, एक वर आणि एक खाली, तोंडं उलट दिशेला करून बसवायची. दांडी केसासारख्या धाग्याला टांगायची. पृथ्वीचं चुंबकत्व एका चुंबकाला उजवीकडे ढकलतं तितकंच दुसऱ्याला डावीकडे, त्यामुळे दांडी हलत नाही. पण खाली एखादी वस्तू ठेवली की ती जवळच्या चुंबकाला जास्त ओढते, लांबच्याला कमी. मग दांडी किंचित वळते. दांडीवर आरसा असतो, त्यावर पडलेल्या उजेडाचा कवडसा दूरच्या पट्टीवर सरकतो. तो सरकला किती, एवढं वाचायचं.

या यंत्राला अस्टॅटिक मॅग्नेटोमीटर म्हणतात. ब्लॅकेट यांनी ते जितकं हळवं करता येईल तितकं केलं.

सोनं खाली ठेवलं. सिद्धांतानुसार कवडसा जितका सरकायला हवा होता, तितका तो सरकला नाही. पुन्हा पुन्हा मोजलं, तरी उत्तर तेच.

१९५२ साली ब्लॅकेट यांनी या प्रयोगाचा मोठा निबंध प्रसिद्ध केला. यंत्राचा एकेक भाग, चुकांची एकेक शक्यता, सगळं तपशिलात लिहिलं. निबंधाच्या नावातच त्यांनी सांगून टाकलं होतं की हा नकारात्मक निकाल देणारा प्रयोग आहे. नोबेल मिळालेला माणूस, जगभर गाजलेली कल्पना, आणि ती चुकीची असल्याचा पुरावा त्यानेच गोळा करून छापला.

सोनं बँकेत परत गेलं. यंत्र मात्र उरलं.

यंत्राला नवं काम

इतकं हळवं यंत्र हाताशी असताना त्याने मोजायचं काय? ब्लॅकेट यांनी दगड उचलले.

खडकांमध्ये मॅग्नेटाइट आणि हेमॅटाइट या लोहखनिजांचे सूक्ष्म कण असतात. ज्वालामुखीचा तप्त रस बाहेर येतो तेव्हा उष्णतेमुळे त्यातल्या कणांना चुंबकत्व टिकवता येत नाही. मॅग्नेटाइटसाठी ही मर्यादा सुमारे ५८० अंश सेल्सिअस आहे, हेमॅटाइटसाठी सुमारे ६७५ अंश. रस थंड होत त्या मर्यादेखाली आला की त्या क्षणी पृथ्वीचं चुंबकत्व ज्या दिशेला असेल ती दिशा कण उचलतात. खडक घट्ट झाला की ती दिशा आत कोंडली जाते. लाल वालुकाश्मातही हेमॅटाइटमुळे अशीच नोंद राहते.

ही नोंद वाचायची कशी? होकायंत्राची सुई वर-खालीही फिरू शकेल अशी टांगली, तर विषुववृत्तावर ती आडवी राहते आणि ध्रुवाकडे जावं तशी कलत जाऊन ध्रुवावर उभी होते. म्हणजे सुईचा कल पाहून आपण कोणत्या अक्षांशावर आहोत ते कळतं. दगडातले कण म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी थांबलेल्या अशाच सुया.

१९५३ मध्ये ब्लॅकेट लंडनच्या इंपिरियल कॉलेजात आले. त्यांच्या गटातले जॉन क्लेग, मेरी आल्मंड आणि पीटर स्टब्स यांनी इंग्लंडमधल्या ट्रायासिक काळातल्या लाल वालुकाश्माचे नमुने मोजले. १९५४ साली निकाल आला. दगडांतलं उत्तर आजच्या उत्तरेपासून सुमारे ३४ अंशांनी वळलेलं होतं, आणि कलही आजच्या इंग्लंडच्या मानाने कमी होता. म्हणजे इंग्लंडची जमीन कधीकाळी विषुववृत्ताच्या बरीच जवळ होती आणि नंतर फिरत फिरत वर सरकली.

खंड सरकतात, असं आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्येच म्हटलं होतं. पण बहुतेक भूशास्त्रज्ञांना ते मान्य नव्हतं. आता दगडातल्या सुया वेगेनर यांच्या बाजूने साक्ष देऊ लागल्या होत्या.

दख्खनचा दगड साक्षीला

इंग्लंड थोडं फिरलं एवढ्याने विरोधक गप्प बसणार नव्हते. खूप लांबचा प्रवास केलेला भूभाग हवा होता. वेगेनर यांच्या म्हणण्याप्रमाणे असा भूभाग होता भारत.

आणि भारतात अशा मोजमापाला अगदी सोयीचा दगड होता. सह्याद्रीचे कडे, अजिंठा-वेरूळची लेणी, गडकोटांचे बुरूज ज्यात घडले तो काळा बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा रस थरावर थर पसरत गेला आणि दख्खनचं पठार तयार झालं. या दगडात टायटॅनियम मिसळलेल्या मॅग्नेटाइटचे कण भरपूर आहेत. म्हणजे नोंद ठळक.

केंब्रिजच्या टेड अर्विंग यांनी भारतातून मागवलेल्या थोड्या नमुन्यांवर आधीच काम केलं होतं आणि भारत उत्तरेकडे सरकल्याचं त्यांना दिसलं होतं. ब्लॅकेट यांच्या गटातल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ साली भारतातल्या खडकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही दख्खनच्या दगडांचं चुंबकत्व मोजलं जाऊ लागलं.

सगळ्यांचं उत्तर एकाच बाजूला जात होतं. दख्खनच्या दगडातला कल आजच्या महाराष्ट्राच्या अक्षांशाशी जुळत नव्हता. तो जुळत होता विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेकडच्या जागेशी. म्हणजे हा दगड थंड झाला तेव्हा भारत दक्षिण गोलार्धात होता. तिथून तो सुमारे पाच हजार किलोमीटर उत्तरेला आला.

सह्याद्री आज जिथे उभा आहे तिथे तो जन्मला नाही. त्याचा जुना पत्ता समुद्रापार होता, आणि तो त्याच्याच पोटातल्या कणांवर कोरलेला होता.

ब्लॅकेट तेवढ्यावर थांबले नाहीत. दगडातून मिळालेले अक्षांश त्यांनी जुन्या हवामानाच्या खुणांशी ताडून पाहिले. वाळवंटातली वाळू, मिठाचे थर, प्रवाळ, हे ज्या पट्ट्यात असायला हवं तिथेच कणांचा कल बोट दाखवतो का, हे त्यांनी तपासलं. १९६४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने खंडांच्या सरकण्यावर मोठी परिषद भरवली. तिच्या आयोजकांमध्ये ब्लॅकेट होते आणि खाणीत उतरून त्यांचा सिद्धांत मोडायला मदत करणारे रनकॉर्नही.

भारताशी दुसरं नातं

भारत त्यांच्यासाठी फक्त दगडांचा देश नव्हता. १९४७ च्या जानेवारीत दिल्लीत इंडियन सायन्स काँग्रेस भरली होती. तिथे त्यांची जवाहरलाल नेहरूंशी भेट झाली. स्वातंत्र्य दारात उभं होतं आणि नेहरूंना नव्या देशाच्या सैन्याची चिंता होती. त्यांनी ब्लॅकेट यांना सल्ला मागितला.

१९४८ मध्ये ब्लॅकेट यांनी भारत सरकारला अहवाल दिला. परदेशातून महागडी शस्त्रं आणण्यामागे न धावता आपल्याला झेपेल आणि आपण बनवू शकू असंच सैन्यबळ उभं करा, संरक्षणाच्या कामात शास्त्रज्ञांना घ्या, असा त्याचा सूर होता. त्याच वर्षी दौलतसिंग कोठारी संरक्षण मंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार झाले. पुढची अनेक वर्षं ब्लॅकेट भारतात येत राहिले. होमी भाभांशी त्यांची चांगली ओळख होती.

१९६५ ते १९७० या काळात ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. श्रीमंत देशांचं विज्ञान गरीब देशांच्या उपयोगी कसं पडेल, हा विषय त्यांनी त्या खुर्चीवरूनही लावून धरला. १३ जुलै १९७४ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

दगडाकडून मातीकडे

ब्लॅकेट यांनी स्वतः मातीचा अभ्यास केला नाही. पण ज्या कणांचं बोलणं त्यांनी दगडात ऐकलं, तेच कण दगड झिजल्यावर मातीत उतरतात.

ब्लॅकेट दगड मोजत होते त्याच दशकात, १९५५ साली, फ्रान्सचे युजीन ल बोर्न यांनी एक विचित्र गोष्ट नोंदवली. अनेक ठिकाणी जमिनीचा वरचा थर खालच्या थरापेक्षा जास्त चुंबकीय असतो. म्हणजे माती बनताना तिच्यात नवे चुंबकीय कणही तयार होतात.

इथून मातीची ओळख पटवायची एक नवी वाट निघाली. यात जुनी दिशा वाचायची नसते. माती चुंबकीय क्षेत्रात ठेवली की ती किती चुंबकीय होते, एवढंच मोजायचं. नमुना छोट्या डबीत भरला की काही सेकंदांत आकडा मिळतो.

पण तो आकडा मातीत लोह किती आहे हे थेट सांगत नाही. लोह कोणत्या रूपात आहे, यावर तो ठरतो. मॅग्नेटाइट आणि मॅगहेमाइट ही जोरदार चुंबकीय खनिजं. लाल रंग देणारं हेमॅटाइट आणि पिवळट-तपकिरी रंग देणारं गोएथाइट ही फार कमजोर. म्हणून नुसता रंग पाहून फसायला होतं. लोहाने भरलेली लालभडक माती यंत्रावर मुकी राहू शकते आणि कमी लोहाची करडी माती मोठा आकडा दाखवू शकते.

बेसॉल्टवर तयार झालेल्या मातीत दगडातलेच मॅग्नेटाइटचे कण उतरतात, त्यामुळे तिचा आकडा बहुधा मोठा असतो. चुनखडीवर किंवा पांढऱ्या वाळूवर बनलेल्या मातीत तो सहसा लहान. जिथे पाणी सतत साचून राहतं आणि हवा पोचत नाही, तिथे चुंबकीय कण हळूहळू विरघळतात आणि आकडा घसरतो. त्यामुळे निचऱ्याची जमीन कुठे संपते आणि पाणथळ जमीन कुठे सुरू होते, ती सीमा आखायला या मोजमापाची मदत होते.

आणखी एक युक्ती आहे. एकच नमुना कमी आणि जास्त अशा दोन कंपनसंख्यांवर मोजायचा. दोन आकड्यांत फरक आला तर मातीत अतिसूक्ष्म कण आहेत. असे कण सहसा दगडातून येत नाहीत, मातीतच तयार होतात. म्हणजे माती दगडाच्या बळावर चुंबकीय आहे की ऊन-पावसाने तिला तसं घडवलंय, हे वेगळं काढता येतं.

चीनमध्ये वाऱ्याने आणलेल्या धुळीचे, म्हणजे लोएसचे, शेकडो फूट जाड थर आहेत. त्यांत मधेमधे जुन्या मातीचे पट्टे दिसतात. ते पट्टे धुळीपेक्षा जास्त चुंबकीय निघाले. पट्टा जास्त चुंबकीय म्हणजे तेव्हाचा काळ उबदार आणि पावसाचा, कमी म्हणजे थंड आणि कोरडा. तिथला लाखो वर्षांचा पाऊसपाणी मातीतल्या कणांवरून वाचला गेला.

अर्थात एकट्या चुंबकावर मातीची जात ठरत नाही. चिकणमाती किती, चुना किती, सेंद्रिय भाग किती, थराची खोली किती, हे पाहावंच लागतं. गावातला शेतकरी काळी कसदार, मुरमाड, तांबडी, चोपण अशी जमीन रंगावरून आणि हाताला लागणाऱ्या पोतावरून ओळखतो, तेही खरंच आहे. चुंबकाचं मोजमाप त्याला जोड देतं. ते स्वस्त आहे, झटपट आहे आणि एका दिवसात शेकडो ठिकाणी घेता येतं.

ब्लॅकेट यांना फिरणाऱ्या पृथ्वीचं गूढ सोडवायचं होतं. ते त्यांच्याकडून सुटलं नाही. पृथ्वीच्या गाभ्यातल्या वितळलेल्या लोखंडाच्या हालचालीतून हे चुंबकत्व येतं, हे आज मानलं जातं. पण आपलं चुकलं हे त्यांनी लपवलं असतं, किंवा सोन्याचा तो निकाल टेबलाच्या खणात टाकून दिला असता, तर ते यंत्रही खोलीत धूळ खात पडलं असतं. त्यांनी चूक मोजून मांडली आणि दुसऱ्या दिवशी त्याच यंत्राखाली दगड ठेवायला सुरुवात केली.

पुढच्या वेळी चुंबकाला मातीतले काळे कण चिकटले की ते झटकण्याआधी थोडं निरखून पाहायला हरकत नाही. ते शेत दख्खनच्या पठारावर असेल तर त्यातले बरेचसे कण विषुववृत्ताच्या पलीकडून पाच हजार किलोमीटर चालत आलेले आहेत.